चेलोवाला गायला लागला

"वहिनी, काही कळलं का? चेलोवाल्यानं काम सोडलं."

अक्कांनी भिंतीवर कपबशी ठेवली म्हणजे बातमी मोठी आहे, हे मला आता कळतं. बारक्या बातम्या त्या कपडे वाळत घालता घालता सांगतात.

"कुठलं काम? तो नोकरीला होता कुठं?"

"तेच हो. पार्टीत वाजवायचं सोडलं. या नवरात्रीत शेवटचं वाजवलं म्हणे. आता नुसता गाणार. एकटा. आणि तेही कसलं, तर रडकं."

सुरतेतल्या डिंडोलीकडची आमची सोसायटी म्हणजे एकाला एक चिकटलेली घरं. अर्धी ओळ ताप्ती लाईननं आलेल्या खानदेशी लोकांची, उरलेली सुरती आणि इतर. अक्का मूळच्या पाचोऱ्याच्या. यजमान लूमच्या खात्यात लागले तेव्हा सुरतेला आल्या आणि इथल्याच झाल्या. आमच्या दोघींमधली भिंत छातीइतकी उंच, वर कप राहील एवढी रुंद. बांधणाऱ्यानं गप्पांचं माप घेऊनच बांधली असावी.

चेलोवाला म्हणजे तिरक्या घराच्या वरच्या मजल्यावरचा पोरगा. त्याचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नाही. आधी व्हायोलिन शिकला, गरब्याच्या ऑर्केस्ट्रात, लग्नाच्या संगीतात वाजवायला लागला. मग कुठून तरी जुना चेलो घेऊन आला आणि मुंबईला सेशन मिळवायच्या मागं लागला. पहाटेच्या फ्लाइंग रानीसाठी निघायचा तेव्हा रिक्षात चेलो आत बसायचा आणि हा कडेला लटकायचा. गाडीत रोजच्या अप-डाउनवाल्यांनी त्या पेटीचा पत्ते खेळायला टेबल केला होता. एका सुरती काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "भाई, अंदर लाश छे के हूं?" मुंबईत कधी जाहिरात, कधी मालिकेचं शीर्षकगीत. चार ओळींचं नोटेशन समोर, दोन-तीन टेक, सही, पैसे, परत. गाणं टीव्हीवर लागलं की त्याची आई आम्हाला हाक मारायची, "ऐका, हे मागं घुंई-घुंई चाललंय ना, तो आपला!" तेवढ्यात गाणं संपायचं.

"गाणं ऐकलंत तुम्ही?" मी विचारलं.

"नातीनं लावलं मोबाईलवर. ढोल नाही, ठेका नाही. एकच तार इतका वेळ घासतो की मला वाटलं मोबाईल अडकला. मग ह्याचाच आवाज, तोही तीन-तीनदा एकावर एक. मध्येच मालगाडी. नात म्हणे, आजी, ती तापीच्या पुलावर जाऊन रेकॉर्ड केली त्यानं. आता मला सांगा वहिनी, मालगाडी ऐकायची तर आपल्याला मोबाईल कशाला पाहिजे? उधन्याला रूळ आहेतच की."

"पण कसं वाटलं?"

अक्का जरा थांबल्या. "वाईट नाही वाटलं. पण मन खाली गेलं. दुपारचं झोपून संध्याकाळी उठल्यावर जातं ना, तसं." आणि लगेच आवाज उतरवून म्हणाल्या, "कारण आहे त्याला. वेसूकडची एक मुलगी होती."

मग मुलगी हिऱ्याच्या कंपनीत डिझाइनचं काम करते, तिचा साखरपुडा दिवाळीनंतर आहे आणि मुलगा अँटवर्पला असतो, इतकं सगळं अक्कांनी सांगितलं. यातलं खरं किती ते तापीमाईलाच माहीत. पण मला हे कारण पटलं नाही. प्रेम मोडल्यानं गाणं येत असतं तर आमच्या गल्लीत घरटी एक गायक झाला असता. अक्कांचा खरा प्रश्न पुढं होता आणि तो मला आवडला.

"माले एवढंच सांगा, जन्मभर दुसऱ्याच्या मागं वाजवणाऱ्या माणसाला एकदम पुढं येऊन गाता येतं का? आजवर आलंय का कुणाला?"

"आलंय की. उस्ताद सुलतान खाँ."

"कोण ते?"

"'पिया बसंती' आठवतं का? २००० साली टीव्ही लावला की तेच लागायचं. त्यात चित्राबाईंच्या जोडीला एक जाडसर, दाणेदार पुरुषी आवाज आहे बघा."

"म्हातारा आवाज? तो गायक नव्हता?"

"सारंगीवाला होता. ते गाणं आलं तेव्हा साठीला टेकला होता."

अक्कांनी कप पुन्हा उचलला. आता त्या जाणार नव्हत्या.

सुलतान खाँ जोधपूरचे, जन्म १९४० चा. घराणं सारंगीचं, वडील गुलाब खाँ हेच गुरू. विशीत राजकोट आकाशवाणीवर नोकरीला लागले, म्हणजे एका अर्थी आपल्या गुजरातनंच त्यांना पहिली भाकरी दिली. तिथं वर्षांमागून वर्षं कलाकारांच्या साथीला बसले. सांगतात ते असं, की लताबाई राजकोटला आल्या होत्या, त्यांच्या गाण्याला ह्यांनी सारंगी धरली, आणि तिथून दिवस पालटले. बदली मुंबईला झाली. मुंबईत रेडिओही होता आणि सिनेमाचे स्टुडिओही. १९७४ साली रविशंकर आणि बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन अमेरिकाभर दौऱ्यावर गेले, तेव्हा रविशंकरांच्या ताफ्यात शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, अल्लारखाँ यांच्यासोबत सुलतान खाँही होते. एवढं सगळं झालं तरी रस्त्यावरच्या माणसाला नाव विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सारंगी ओळखीची, सारंगीवाला अनोळखी.

"सारंगी मला माहीत आहे," अक्का म्हणाल्या. "रेडिओवर सारंगी लागली की माझी सासू हातातलं टाकून विचारायची, कोण गेलं?"

मला हसू आवरेना, पण सासूबाईंचं चुकत नव्हतं. मोठा नेता गेला की आकाशवाणीवर दिवसभर सारंगी लागायची. आणि सिनेमात? एक तर कोठा, नाहीतर मरण. त्या बिचाऱ्या वाद्याला दोनच कामं दिली आपण. तीन आतड्याच्या तारा, त्यांच्याखाली पस्तीसेक तरफा, आणि बोटाच्या पेरांऐवजी नखाच्या मुळाशी तार घासत वाजवायचं. इतकं अवघड वाद्य मुळाक्षरं गिरवावीत तसं लहानपणापासून घोटायचं आणि मग म्हणायचं, जरा दुःखाचा तुकडा द्या हो. सारंगिये राम नारायण तर या सगळ्याला वैतागूनच सिनेमातून बाजूला झाले. त्यांनी १९५४ साली मुंबईच्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये एकट्याची सारंगी ऐकवायचा प्रयत्न केला, तर लोकांनी त्यांना उठवलं; पुढच्या मोठ्या नावांची घाई झाली होती. दोन वर्षांनी लहान बैठकीत ते पुन्हा बसले, आणि मग त्यांनी सारंगीला एकटीनं बसायचा मान मिळवून दिला.

"पण ते वाजवायलाच बसले. गायले नाहीत," अक्कांनी मुद्दा सोडला नाही. पाचोऱ्याची बाई.

"गाणं त्यांच्या पोटात असतंच हो. सारंगीवाल्याला आधी गाणंच शिकवतात. बंदिशीचे शब्द माहीत नसतील तर गायकाच्या मागं जाणार कसा? गायक तान घेतो, ती संपायच्या आत ह्याच्या गजातून यायला लागते. म्हणजे तो गातच असतो, फक्त तोंड मिटून. आणि तुम्हाला गंमत सांगू? आपण ज्यांना गवई म्हणून डोक्यावर घेतलं, त्यातले कितीतरी सारंगीतूनच आलेले. मिरजेचे अब्दुल करीम खाँ सारंगी वाजवायचे. बडे गुलाम अली खाँ सुरुवातीला सारंगीवर होते. इंदूरच्या अमीर खाँचे वडील सारंगिये, आणि अमीर खाँना पहिली तालीम सारंगीचीच. पण गवई म्हणून नाव झालं की सारंगी कपाटात. कोठ्याचा वास नको म्हणून."

हा भाग मला नेहमी टोचतो. आपल्या मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांच्या मागं कादरबक्ष सारंगीला आणि थिरकवा तबल्याला बसायचे. थिरकवांचं नाव आजही घरोघर निघतं. कादरबक्षांचं नाव किती जणांना आठवतं? गंधर्वांच्या लडिवाळ हरकती सगळे कौतुकानं सांगतात. त्या हरकती शेजारी बसून रात्रीमागून रात्र झेलणारा माणूस तळटीपेत गेला. तबला निदान वेगळा ऐकू येतो. सारंगी गळ्यात इतकी मिसळते की चांगली वाजली म्हणजे ऐकूच येत नाही.

तेवढ्यात समोरच्या बेन फाटक उघडून आल्या. चांदनी पडव्याचा दिवस, हातात घारीचा डबा आणि भुसुं. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सुरतेत घारी नाही खाल्ली तर महापालिका पाणी तोडेल अशी इथं श्रद्धा आहे.

"कोनी वात चाले छे?"

अक्कांनी पाच वाक्यांत चेलोवाला, वेसू, अँटवर्प आणि उस्ताद सुलतान खाँ असा गोफ विणून दिला. बेन चेलोवाल्यावर थांबल्याच नाहीत.

"'अलबेला सजन' गायेलुं ने एमने? 'हम दिल दे चुके सनम' मां? ए पिक्चरनुं म्युझिक तो आपणा हुरतीनुं!"

आणि बेन शंभर टक्के बरोबर होत्या. मला त्यांच्या आधी हे कसं सुचलं नाही याचा थोडा रागच आला. इस्माईल दरबार सुरतेचा. आणि तोही साथीदारच. मुंबईच्या स्टुडिओंत लक्ष्मीकांत-प्यारेलाल, कल्याणजी-आनंदजी, बप्पी लाहिरी, नदीम-श्रवण, रहमान, अशा सगळ्यांकडे व्हायोलिन वाजवणाऱ्यांच्या रांगेत बसलेला माणूस. त्या रांगेत कुणाचा चेहरा कुणाला दिसत नाही. शिफ्ट भरायची आणि घरी जायचं. तिथून उठून त्यानं १९९९ साली भन्साळींच्या 'हम दिल दे चुके सनम'ला संगीत दिलं आणि राष्ट्रीय पुरस्कार घेतला. आणि त्याच सिनेमात 'अलबेला सजन'साठी कविता कृष्णमूर्ती आणि शंकर महादेवन यांच्या सोबतीला त्यानं सुलतान खाँना गायला बसवलं. गजानं पोट भरणाऱ्या एका माणसानं दुसऱ्या गजवाल्याचा गळा ओळखला, असं मी समजते. याला पुरावा माझ्याकडे नाही. पण ज्यानं आयुष्यभर तारा ऐकल्या, त्याला तारेमागचा आवाज ऐकू येणारच.

"ए टीव्ही पर बहु झगडतो हतो," बेन म्हणाल्या.

"'सारेगमप'मध्ये! यलगार हो!" अक्कांच्या डोळ्यांत २००७ साल चमकलं. "त्या हिमेशशी काय भांडायचा! मी जेवण टाकून बघायची."

"एनो दीकरो अवेज, पेलो डान्सर. मारी भाणी एने फॉलो करे छे."

"आणि मोठ्याची बायको गौहर खान," अक्का म्हणाल्या. पुढची पाच मिनिटं संगीत बाजूला पडलं. मी घारी खाल्ली. असल्या वेळी विषय ओढून आणायचा नसतो, तो आपल्या पायानं येतो.

आला. बेनच म्हणाल्या, "पण मग त्या उस्तादनं सारंगी सोडली का, गायक झाल्यावर?"

"नाही ना! तेच तर." मी घारीचं तूप पुसत म्हटलं. "ज्या वर्षी 'पिया बसंती' आलं, त्याच वर्षी तबला बीट सायन्स या ताफ्याची 'ताला मॅट्रिक्स' ही रेकॉर्ड आली. झाकीर हुसेन, अमेरिकेचा बिल लॅसवेल, असली मंडळी. तबल्याखाली बास गिटार, इलेक्ट्रॉनिक आवाजांचे थर, आणि त्या सगळ्यावर तरंगत सुलतान खाँची सारंगी आणि मधूनच आवाज. आपला चेलोवाला करतो ना, तीच जात. फक्त ते सगळं सुलतान खाँनी साठीत केलं, आणि हा पंचविशीत करतोय."

'पिया बसंती'बद्दल मला एक सांगायचंच आहे. संदेश शांडिल्य यांनी ते बांधलं. त्यात चित्रांचा आवाज घासूनपुसून लख्ख. त्याच्यापुढे सुलतान खाँचा ओबडधोबड. कुठलाही हिशेबी निर्माता म्हणाला असता, म्हाताऱ्याची सारंगी घ्या, गाणं एखाद्या तरुणाकडून घ्या. पण ऐकून बघा, सूर कसा घेतात ते. एकदम त्यावर उभे राहत नाहीत. खालून घसरत, वाटेतल्या सगळ्या पायऱ्यांना हात लावत वर येतात. ती गजाची सवय आहे, गळ्याची नव्हे. पोरांच्या त्या प्रेमगाण्यात तो आवाज आला नसता तर २००१ चा एमटीव्हीचा प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार गाण्याला मिळाला असता की नाही, मला शंका आहे. पुढं 'जब वी मेट'मध्येही शानबरोबर ते गायले, २००७ साली, प्रवासाचं गाणं, चांगलं हसतं-खेळतं. म्हणजे रडण्याचाच मक्ता नव्हता. २०१० ला पद्मभूषण मिळालं आणि पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले. शेवटपर्यंत लोक त्यांना सारंगीवालेच म्हणत होते, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसावं.

भूपिंदरची गोष्टही तशीच म्हणता येईल. 'दम मारो दम'ला गिटार वाजवणारा हाच, आणि उदास गझला गाणाराही हाच. गझलेला त्यानं स्पॅनिश गिटार, बास आणि ड्रम्स दिले, आणि 'वो जो शायर था'मध्ये गुलजारांचे शब्द गायला. पण भूपिंदर सुरुवातीपासून गायचा. १९६४ च्या 'हकीकत'मध्येच त्याचा आवाज आहे. अक्कांच्या प्रश्नाला तो नीट लागू पडत नाही, म्हणून मी त्याला भिंतीवर आणला नाही.

चेलोवाल्याचा देव मात्र वेगळाच आहे. ते मला आदल्या आठवड्यात रिक्षाच्या रांगेत कळलं. मी विचारलं, हे असं गाणं तुला सुचतं कुठून? तर म्हणाला, काकू, आर्थर रसेल. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला, १९५१ चा जन्म. मी म्हटलं, मग त्याचा आपल्याशी काय संबंध? तर म्हणाला, तो कॅलिफोर्नियात अली अकबर खाँच्या कॉलेजात हिंदुस्थानी संगीत शिकलाय! पुढं न्यूयॉर्कला गेला, ॲलन गिन्सबर्ग कवितावाचन करायचा तेव्हा मागं चेलो वाजवायचा, डिस्कोची गाणी केली, आणि १९८६ साली एक रेकॉर्ड काढली ती नुसता चेलो, स्वतःचा आवाज आणि प्रतिध्वनी यांची. फारशी कुणी घेतली नाही. १९९२ मध्ये एड्सनं गेला, चाळिसाव्या वर्षी. मागं हजारभर टेपा सोडून. आता जगभरची पोरं त्याला शोधून शोधून ऐकतात.

हे मी भिंतीवर सांगितलं, आणि माझ्या लक्षात आलं नाही की मागून चेलोवाल्याची आई भाजी घेऊन येत होती.

"मेल्यावर नाव झालं ना?" ती म्हणाली. "मग तोवर जेवायचं काय?"

तिघी गप्प. तिची पिशवी अक्कांनी भिंतीवर ठेवून घेतली, घारीचा तुकडा हातात दिला. बिचारीचं चुकलं कुठं? पूर्वी एका गाण्याला व्हायोलिन आणि चेलोवाल्यांची पलटण लागायची. आता लॅपटॉपवर बसलेलं एक पोरगं सगळी पलटण बोटानं आणतं. सेशनचं काम आधीच आटलेलं, आणि हा आहे ते गरब्याचंही सोडतोय. त्याच्या गाण्याचे पैसे मोबाईलवाल्या कंपन्या किती देतात ते तिनं मला एकदा सांगितलं होतं. त्यात आमच्या चौघींच्या नाश्त्याचा लोचोही आला नसता.

"सोडलं म्हणजे कायमचं का?" मी विचारलं.

"म्हणतो, कुणाच्या मागं बसणार नाही. चेलो विकला नाही अजून. रात्री वाजवतो."

"मग झालं तर. सुलतान खाँनी..."

"वहिनी, ते पुरे," अक्का म्हणाल्या. त्या आईच्या तोंडावर उस्तादांची गोष्ट पुन्हा सांगण्यात अर्थ नव्हता, हे त्यांना माझ्या आधी कळलं. मग त्यांनी वरच्या खिडकीकडं तोंड करून, लूमच्या आवाजावर कमावलेल्या गळ्यानं हाक मारली. "अरे चेलोवाल्या! खाली ये!"

तो आला, केस विस्कटलेले, गळ्यात हेडफोन. चार बायका भिंतीला टेकलेल्या पाहून त्याचा चेहरा पडला.

बेननी वेळ घालवला नाही. "बेटा, मारी भाणीनां लगन छे, फेब्रुआरीमां. संगीतमां वगाडशे?"

"बेन, वाजवायचं सोडलं मी. गातो आता. माझीच गाणी."

"तो गा ने! केटला लईश?"

तो गडबडला. त्याला नकाराची तयारी होती, दराची नव्हती. "पण... ती जरा स्लो असतात, बेन. सॅड. लग्नात कसं..."

"लगनमां रडवानुं?" बेननी कपाळाला हात लावला.

"का नाही?" अक्का म्हणाल्या. "संगीताला डीजे बोलवा. ह्याला पाठवणीला ठेवा. चेलोसकट. माझ्या वेळी बँडवाला 'बाबुल की दुआएँ' वाजवून शंभर रुपये जास्तीचे घेऊन गेला होता."

बेन विचारात पडल्या. चेलोवालाही. त्याची आई पहिल्यांदा थोडी हसली आणि तिनं विचारलं, "विदाईचे वेगळे घेतात ना हो?"